मॅट वार्निशनंतर मॉडेल पांढरं पडतंय? आधी हे तपासा

वेदरिंग, म्हणजे मॉडेलला मुद्दाम वापरलेलं-मळलेलं रूप देण्याचं काम, संपलेलं असतं. कडांवर खरचटलेला रंग, एक्झॉस्टखाली गंजाचे ओघळ, ट्रॅकमध्ये वाळलेला चिखल, सगळं मनासारखं उतरलेलं असतं. शेवटचा हात म्हणून मॅट वार्निशचा स्प्रे मारला जातो आणि थोड्याच वेळात ऑलिव्ह ड्रॅब रणगाडा राखाडी दिसायला लागतो. वॉरगेमिंगची, म्हणजे टेबलावर खेळायच्या लढायांची, मॉडेल्स रंगवणारे मित्र माझ्याकडे दुरुस्तीला सगळ्यात जास्त आणतात तो हाच बिघाड, आणि जून ते सप्टेंबर तर जवळपास एवढाच.

एक गोष्ट आधीच सांगतो. मॉडेल पांढरं दिसतंय म्हणून खालचं काम गेलं असं समजू नका. बहुतेक वेळा वॉश (खाचांत उतरवलेला पातळ रंग), चिपिंग (रंग उडाल्याचा देखावा), डिकल (चिकटवलेली चिन्हं) सगळं जागच्या जागी असतं. काम खरं बिघडतं ते घाबरून लगेच मारलेल्या दुसऱ्या हाताने, नाहीतर थिनरचा बोळा फिरवल्याने. म्हणून स्प्रे खाली ठेवा आणि पांढरं कोणत्या जातीचं आहे ते आधी ओळखा.

लक्षणं

- सगळ्या मॉडेलवर सारखी, दुधाळ, हाताला गुळगुळीत लागणारी झाक. काळ्या आणि गडद हिरव्या रंगावर जास्त, वाळूच्या रंगावर कमी.
- मोकळ्या पृष्ठभागावर ठीक, पण रिव्हेटभोवती, पॅनलच्या खाचांत आणि सैनिकाच्या कपड्यांच्या चुण्यांत पांढरे कण साचलेले.
- एका बाजूला, बहुतेक वरच्या किंवा मागच्या, खरखरीत पांढरेपणा. बोट फिरवलं तर बारीक पॉलिशपेपरसारखं लागतं.
- फक्त चिकटवलेल्या सांध्यांजवळ पांढरं वलय.
- वाळलेल्या पाण्याच्या डागासारखी पांढरी कड.
- बेसवर, गवताच्या किंवा पानांच्या आसपास, पांढरी लव.
- जुन्या धातूच्या मॉडेलवर पांढरी किंवा करडी भुकटी, रंगाच्या पापुद्र्याखालून वर आलेली.

यातली पहिली तीनच वार्निशची आहेत. पुढच्या तिन्हींना वार्निश वरून कितीही मारलं तरी उपयोग नाही. शेवटचं दिसलं तर बाकी काही न वाचता थेट या लेखाच्या शेवटी जा.

तपासणी १: चोवीस तास हात लावू नका

फुकटची तपासणी, पण सगळ्यात जास्त वगळली जाते. पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक वार्निश ओलं असताना मुळातच दुधाळ असतं. पाणी उडालं की त्यातले राळेचे कण एकमेकांना चिकटतात आणि थर पारदर्शक होतो. दमट हवेत पाणी उडायला वेळ लागतो. खाचांत जाड साचलेलं वार्निश तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ढगाळ राहू शकतं. ब्रशने लावलेल्या वार्निशच्या निम्म्या तक्रारी अशाच मिटतात.

स्प्रे कॅनमधलं वार्निश बहुधा सॉल्व्हेंटचं असतं. ते पांढरं पडून अजून काही मिनिटंच झाली असतील तर हेअर ड्रायर अगदी मंद गरम ठेवून, हातभर अंतरावरून, सारखा हलवत फिरवा. थर कडक व्हायच्या आत अडकलेलं पाणी निघालं तर झाक तिथल्या तिथे उतरते. ड्रायर एका जागी धरू नका. प्लास्टिकची तोफेची नळी आणि सैनिकाच्या हातातली रायफल वाकायला फारशी उष्णता लागत नाही.

तपासणी २: पाण्याचा थेंब

मॉडेलच्या तळाशी, सहज दिसणार नाही अशा जागी ब्रशने साध्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि दिव्याखाली तिरकं धरून बघा.

थेंबाखाली पांढरेपणा गायब झाला आणि मूळ रंग गडद दिसला, तर रंग शाबूत आहे. बिघाड फक्त पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आहे. शाळेतली काळी पाटी कोरडी असताना पांढरट दिसते आणि ओलं फडकं फिरवलं की काळीभोर होते, तसंच हे. मॅट वार्निशमध्ये सिलिकाची बारीक पूड असते. ती पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे करते, प्रकाश सगळीकडे विखुरला जातो आणि चकाकी मरते. हे विखुरणं प्रमाणात असलं की आपण त्याला मॅट म्हणतो, प्रमाणाबाहेर गेलं की पांढरं म्हणतो. पाण्याने ते खड्डे भरले की विखुरणं थांबतं.

थेंबाखालीही पांढरं तसंच राहिलं, तर पांढरा पदार्थ खरोखर तिथे आहे: साचलेली सिलिका, मीठ, क्षार, गोंदाची वाफ, किंवा थराच्या आत अडकलेलं पाणी.

पुढचं सगळं या एका थेंबावर ठरतं. थेंबाखाली जो रंग दिसला, साधारण तोच दुरुस्तीनंतर मिळणार आहे, हाही एक दिलासा.

तपासणी ३: पांढरं नेमकं कुठे आहे?

सांध्यांजवळच असेल तर गोंद तपासा. सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपण सरसकट फेविक्विक म्हणतो तो प्रकार, वाळताना वाफ सोडतो. ती हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून आजूबाजूच्या पृष्ठभागावर पांढरी बसते. काचेच्या भागांवर आणि गडद रंगावर लगेच दिसते. रंगवून झाल्यावर घाईत चिकटवलेला अँटेना किंवा सुटा झालेला हात हे नेहमीचं कारण. बेताचा गोंद टूथपिकने लावायचा आणि मॉडेल बंद डब्यात न ठेवता वारा लागेल असं ठेवायचं. बसलेलं वलय ओल्या कापसाच्या काडीने पुसून बघा. नाही गेलं तर त्यावर ग्लॉस वार्निशचा एक बारीक हात पुरतो.

चिपिंगसाठी मीठ वापरलं होतं का? गंजाच्या रंगाचा थर, त्यावर पाणी आणि जाड मीठ, वरून मुख्य रंग, मग मीठ खरवडून काढायचं, हे तंत्र स्वस्त आणि सुंदर आहे. पण मिठाचा एखादा कण इंजिनच्या जाळीत किंवा फेंडरखाली राहिला तर तो तिथेच राहतो. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक तयार होतात, आणि दर फेरीत ते थोडे बाहेर सरकतात. वार्निशनंतर काही आठवड्यांनी अचानक पांढरे ठिपके उगवले तर संशय मिठावर घ्या. कोमट पाणी आणि मऊ टूथब्रश एवढंच लागतं, पण हे वार्निशच्या आधी व्हायला हवं. नंतर करायचं तर ठिपक्यापुरता थर उघडावा लागतो.

पाण्याच्या डागासारखी कड असेल तर पाणी बदला. बोअरवेलचं जड पाणी वॉश पातळ करायला वापरलं की पाणी उडतं आणि क्षार कडेला राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. एक बाटली वर्षभर पुरते. घेताना साधं डिस्टिल्ड वॉटरच आहे, अ‍ॅसिड नाही, एवढं लेबलवर वाचून घ्या.

लव फक्त बेसवर असेल तर ती बुरशी. वाळलेली खरी पानं, चहाची पत्ती, घरचा भुसा आणि पांढरा गोंद, यावर कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी धरतेच. तो भाग खरवडून टाका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळवा आणि नवीन बेस करा.

घरी थ्रीडी प्रिंट केलेलं रेझिनचं मॉडेल असेल तर आणखी एक शक्यता आहे. धुणं अपुरं राहिलं तर अल्कोहोलमधलं अर्धवट विरघळलेलं रेझिन पांढरा थर होऊन वाळतं. प्रायमर (रंगाच्या आधीचा पहिला थर) निघालेल्या एखाद्या कोपऱ्यात, किंवा त्याच वेळी प्रिंट केलेल्या न रंगवलेल्या मॉडेलवर तसाच थर दिसला, तर मूळ तिथे आहे.

तपासणी ४: कॅन किंवा बाटली नीट हलवली होती का?

सिलिका जड असते, ती तळाला बसते. न हलवलेल्या कॅनमधून आधी जवळजवळ चकाकणारं वार्निश येतं आणि कॅन संपत आला की पांढरा चिखल. कॅनमधली गोळी सुटून वाजायला लागली की तिथून पुढे पूर्ण दोन मिनिटं हलवायचं. गोळी वाजत नाही तोवरची मिनिटं मोजायची नाहीत. ब्रशच्या बाटलीला हलवण्याबरोबरच काडीने तळ खरवडून ढवळणं हवं. तळाशी पांढरट जेली लागली तर ती पूर्ण मिसळेपर्यंत वार्निश ब्रशवर घेऊ नका.

मग प्लास्टिकच्या काळ्या चमच्यावर चाचणी घ्या. काळा चमचा नसेल तर पांढऱ्याला काळा प्रायमर मारा. दर वेळी, दर कॅन, मॉडेलच्या आधी चमचा. गेल्या महिन्यात चांगला चालला म्हणून आज चालेल असं नसतं, कारण आजची हवा वेगळी असते.

तपासणी ५: हवा

इथे जरा थांबून वाचा, कारण आपल्याकडच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे आणि बाटलीवरच्या सूचना इंग्लंड, स्पेन किंवा जपानमधल्या हवेत बसून लिहिलेल्या असतात.

स्प्रेमधलं सॉल्व्हेंट उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, त्यामुळे मॉडेलचा वरचा थर काही क्षण आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो. कॅनमधून फुगत बाहेर येणारा वायूही थंडच असतो. आता दोन वेगळ्या दिवसांची तुलना करून बघा. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला पृष्ठभाग साधारण साडेसोळा अंशांपर्यंत उतरावा लागतो. तेच २८ अंश, पण आर्द्रता ८५ टक्के, तर ही मर्यादा २५ अंशांवर येते. फक्त तीन अंशांचा फरक उरतो आणि तो पहिल्याच फवाऱ्यात संपतो. अदृश्य दव ओल्या वार्निशवर पडतं, थरात अडकतं आणि दुधाळ झाक तयार होते. फर्निचरचं लॅकर पॉलिश करणारे कारागीर भर पावसाळ्यात ते काम टाळतात, ते याच कारणाने. गॅरेजमधले गाडी रंगवणारेही याला चांगले ओळखतात.

कोकणपट्टीत आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. माझा नियम साधा आहे: ६५ टक्क्यांच्या वर सॉल्व्हेंटचा मॅट स्प्रे नाही. चार-पाचशे रुपयांच्या आत डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. रंगांच्या एखाद-दोन बाटल्यांच्या किमतीत तो घ्या आणि स्प्रे करायच्या जागीच ठेवा. खोलीतला आकडा आणि गॅलरीतला आकडा वेगळे असतात. पावसाळ्यातही उघडीप पडली की दुपारी एक ते चारच्या दरम्यान आर्द्रता सगळ्यात कमी असते आणि पहाटे सगळ्यात जास्त. ऑफिसला जायच्या आधी सकाळी सहाला गॅलरीत स्प्रे करणाऱ्यांची मॉडेल्स मी दर पावसाळ्यात बघतो.

दुसरा सापळा एसीचा आहे. रंगकामाची खोली २४ अंशांवर, मॉडेल तिथे रात्रभर. ते उचलून थेट गॅलरीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत नेलं तर स्प्रेचं झाकण उघडायच्या आधीच मॉडेलवर दव असतं, कारण ते २५च्या खाली आहे. धातूची मॉडेल्स हे जास्त वेळ धरून ठेवतात. बाहेर आणल्यावर निदान अर्धा तास तिथल्या हवेत राहू द्या. मारून झालं की परत आत न्या. एसीची हवा कोरडी असते, थर तिथे चांगला वाळतो. पण स्प्रे मात्र एसीच्या बंद खोलीत मारू नका. वाफा ज्वालाग्राही असतात. गॅस, उदबत्ती, देवाजवळचा दिवा, यातलं काहीही त्या खोलीत किंवा शेजारी पेटलेलं नको.

विदर्भातली तक्रार उलटी असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ४०-४५ अंशांत दुपारी स्प्रे केला तर वार्निशचे थेंब मॉडेलपर्यंत पोहोचायच्या आतच सुकतात आणि धुळीसारखे बसतात. पांढरं तेही दिसतं, पण बोटाला खरखरीत लागतं. तिथे वेळ सकाळची, आणि अंतर थोडं कमी.

कोकणातला दुधाळ गुळगुळीतपणा आणि विदर्भातला खरखरीतपणा यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणूनच पुण्यातल्या मित्राने सांगितलेला उपाय रत्नागिरीत चालेलच असं धरू नका.

तपासणी ६: अंतर आणि हात

२० ते ३० सेंटिमीटर. स्प्रे मॉडेलच्या बाहेर सुरू करायचा, मॉडेलवरून सरकवत न्यायचा, बाहेर गेल्यावर बोट उचलायचं. जवळून जाड मारलं तर सिलिकायुक्त वार्निश खाचांत वाहून साचतं. रिव्हेटभोवतीचे पांढरे कण ते हेच. फार दूरून मारलं तर खरखरीत धूळ. दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातामध्ये पंधरा-वीस मिनिटं.

तपासणी ७: खालचे थर वाळले होते का?

ऑइल रंगाचा किंवा एनॅमलचा वॉश वरून कोरडा दिसतो, पण खाचांत टर्पेंटाइन शिल्लक असतं. त्यावर सॉल्व्हेंटचं वार्निश बसलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात. वॉश पुन्हा हलतो, कडा ढगाळतात, कधी बारीक भेगा पडतात. एनॅमल वॉशला मी निदान दोन दिवस देतो, ऑइलचे ओघळ जाड असतील तर आठवडा.

खात्री करायला नाक वापरा. मॉडेल स्वच्छ, वासरहित झाकणाच्या डब्यात तासभर ठेवा आणि झाकण उघडताच वास घ्या. टर्पेंटाइनचा वास आला तर अजून थांबायचं.

पिगमेंटच्या, म्हणजे धूळ दाखवायच्या कोरड्या रंगाच्या, पुडीचं वेगळं आहे. कोरडी पूड वार्निशखाली भिजते आणि धूळ गायब होते. मग ती परत दिसावी म्हणून लोक आणखी मॅट मारतात आणि पांढरेपणा ओढवून घेतात. क्रम असा ठेवा: रंग, चिपिंग, ग्लॉस, डिकल, वॉश, मॅट, आणि अगदी शेवटी धूळ, तीही हात लागत नाही अशा जागी: ट्रॅक, चाकांच्या आत, फेंडरच्या खाली. शोकेसमध्ये राहणाऱ्या मॉडेलला वार्निश टाळता येतं. खेळायच्या मॉडेलला नाही. दर डावाला त्याला घामेजलेली बोटं लागतात आणि टरेटच्या (रणगाड्याच्या वरच्या फिरत्या भागाच्या) कडांवरचा रंग आधी जातो.

तपासणी ८: एअरब्रश आणि कंप्रेसर

वार्निश एअरब्रशने (कंप्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या छोट्या फवाऱ्याने) मारत असाल तर हवा दाबली जाताना तिच्यातलं पाणी टाकीत आणि नळीत साचतं. पावसाळ्यात हे पाणी थेंब होऊन वार्निशबरोबर बाहेर पडतं. रंग न घालता फक्त हवा काळ्या कागदावर एक मिनिट सोडा. ओले ठिपके उमटले तर टाकीच्या तळाचा ड्रेन उघडून पाणी काढा, वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) रिकामा करा. ट्रॅप कंप्रेसरला चिकटून नसावा, थोड्या लांबीच्या नळीनंतर बसवावा, म्हणजे गरम हवा थंड होऊन पाणी सोडायला जागा मिळते. लॅकर वार्निशला सावकाश उडणारं, रिटार्डर (वाळणं लांबवणारा घटक) असलेलं थिनर वापरा. मिस्टर लेव्हलिंग थिनर हे त्याच जातीचं. ते सावकाश उडतं म्हणून पृष्ठभाग एकदम थंड पडत नाही. शक्य असेल तर पावसाळ्यापुरतं पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक मॅटवर या, कटकटच मिटते.

दुरुस्ती: खालच्या पायरीपासून वर

प्रत्येक पायरी आधी चमच्यावर. काळ्या चमच्यावर मुद्दाम पांढरेपणा आणा (जाड मॅट मारला की येतोच) आणि त्यावर उपाय करून बघा.

पहिली पायरी, तेच वार्निश पुन्हा. झाक दुधाळ आणि गुळगुळीत असेल, कॅन सॉल्व्हेंटचा असेल आणि हवा आता कोरडी असेल, तर २० सेंटिमीटरवरून एक जरा ओलसर हात. ताजं सॉल्व्हेंट आधीचा थर सैल करतं, अडकलेला ओलावा निघतो. दुधाळ झाकेवर हे चालतं. खाचांत साचलेल्या कणांवर चालत नाही, उलट कण वाढतात.

दुसरी पायरी, ग्लॉस. माझा सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. अ‍ॅक्रिलिक ग्लॉस वार्निश मऊ ब्रशने पातळ लावा. सूक्ष्म खड्डे भरतात आणि थेंबाखाली दिसला होता तो रंग परत येतो. काचेसारखं चकाकतं मॉडेल बघून दचकू नका. पूर्ण दिवस वाळू द्या, मग ब्रशने लावायचं अल्ट्रा मॅट अ‍ॅक्रिलिक दोन पातळ हातांत. ब्रश सपाट आणि मऊ हवा. फेस दिसला तर लगेच कोरड्या ब्रशने टिपा. गंजाचे ओघळ, चिपिंग, सगळं टिकतं.

तिसरी पायरी, तेल. जगभरच्या वॉरगेमर मंडळींत ऑलिव्ह तेलाचा उपाय चालतो आणि तो खरा आहे. जुन्या ब्रशने पातळ तेल पांढऱ्या जागी चोळा, काही तास ठेवा, जास्तीचं कापसाच्या काडीने टिपा. तेल खड्ड्यांत बसून रंग खुलवतं. खोबरेल वापरू नका, २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि पांढरेपणा परत येतो. तेलाच्या वर लगेच वार्निश धरत नाही. काही दिवस जाऊ द्या, वरवरचं तेल भांड्यांच्या साबणाच्या अगदी सौम्य पाण्याने काढा, वाळवा, मग ग्लॉस आणि मॅट. सारखं हाताळायच्या मॉडेलला मी हा उपाय छोट्या भागापुरताच वापरतो.

चौथी पायरी, पांढरेपणाच कामाला लावणं. हे वाहनावर शोभतं, सैनिकांच्या चेहऱ्यांवर नाही, आणि युद्धभूमी कोणती ते बघून करायचं. माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या मोहिमेतल्या मराठा लाइट इन्फंट्रीची २८ मिमीची तुकडी आहे, सोबत १/५६ प्रमाणातले युनिव्हर्सल कॅरियर (छोटं चिलखती वाहन) आणि शर्मन रणगाडा. जुलै १९४४चा देखावा करायचा असेल, म्हणजे १० जुलैला नाईक यशवंत घाडगे ज्या तायबरच्या वरच्या खोऱ्यात लढले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले तो काळ, तर कच्च्या रस्त्याची फिकट धूळ कॅरियरच्या खालच्या निम्म्या भागावर अगदी बरोबर दिसते. तिथे पांढरट पट्टा ठेवून त्यावर पातळ फिकट मातीच्या रंगाचा ऑइल फिल्टर (ऑइल रंगाचा अगदी पातळ, पारदर्शक हात) द्यावा. वरच्या सपाट भागांवर हात-पाय पडतात त्या जागा मात्र ग्लॉस-मॅट करून गडद करून घ्याव्या. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या पावसाचा आणि चिखलाचा देखावा असेल तर ही पायरी सोडून द्या. ओल्या चिखलाने माखलेल्या गाडीवर कोरडी पांढरी धूळ खोटी दिसते.

पाचवी पायरी, रंग उतरवणं. आधीच्या चारही पायऱ्या फसल्या तरच. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा पातळ न केलेलं तपकिरी डेटॉल, मॉडेल बुडवून काही तास, मग टूथब्रश. डेटॉल वापरलं तर ब्रशिंग आणि पहिलं धुणं डेटॉलमध्येच करायचं. मध्येच पाणी लागलं की सुटलेला रंग चिकट लगदा होऊन खाचांत बसतो. नंतर साबणपाणी. पॉलिस्टायरीन प्लास्टिकला अ‍ॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, मॉडेल विरघळतं. रेझिन अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवू नका, ते मऊ पडतं आणि फुगतं. अर्ध्या-अर्ध्या तासाने काढून बघा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

जुन्या धातूच्या मॉडेलवर, विशेषतः शिसं मिसळलेल्या जुन्या सैनिकांवर, भुकटी दिसत असेल तर ती वार्निशची नाही. शिशाला आम्ल वाफा लागल्या, आणि त्या काही लाकडांतून, प्लायवुड-एमडीएफच्या कपाटांतून निघतात, की शिशाचा कार्बोनेट तयार होतो. तो विषारी आहे. घासू नका, फुंकू नका, पॉलिशपेपर तर अजिबात नको. हातमोजे घालून मॉडेल प्लास्टिकच्या डब्यात वेगळं ठेवा, हात धुवा, मुलांपासून दूर ठेवा, आणि धातूच्या वस्तूंचं संवर्धन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. इथे घरगुती उपाय नाही.

स्प्रे करताना डोकं दुखलं, गरगरलं किंवा छातीत जड वाटलं तर काम तिथेच थांबवून मोकळ्या हवेत या. बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जा आणि कॅन सोबत न्या, म्हणजे त्यात काय आहे ते त्यांना वाचता येईल. एन९५ मास्क धूळ अडवतो, सॉल्व्हेंटची वाफ अडवत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा रेस्पिरेटर लागतो.

ड्रेन आणि ट्रॅप साफ करूनही कंप्रेसर पाणी फेकत असेल, ठरलेल्या दाबाला तो आपोआप बंद होत नसेल किंवा टाकीला आतून गंज दिसत असेल, तर तो कंप्रेसर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. दाबाखालची टाकी घरी उघडायची किंवा डागायची वस्तू नाही.

आणि मॉडेल दुसऱ्याचं असेल, आता मिळत नसलेलं असेल, किंवा ग्लॉसची पायरी दोनदा करूनही पांढरेपणा परत आला असेल, तर तिसरा प्रयोग करू नका. व्यावसायिक मिनिएचर पेंटरकडे द्या. देताना त्याला एवढं लिहून द्या: प्लास्टिक, रेझिन की धातू, कोणता प्रायमर, रंग अ‍ॅक्रिलिक की एनॅमल, वॉश कोणता आणि किती दिवस वाळवला, वार्निश सॉल्व्हेंटचं की पाण्याचं, मारलं त्या दिवशीची आर्द्रता, आणि त्यानंतर तुम्ही काय काय लावलंत. तेल लावलं असेल तर ते न विसरता सांगा, कारण त्याला पहिल्यांदा तेच काढावं लागेल.